पाच वर्षे पूर्ण होताच

संतराम गुरुजींनी कागद प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला, पिशवीची दोनदा घडी घातली, ती सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून गुंडी लावली. दारात प्रतिक्षाने स्कूटी चालू करून ठेवली होती. चुलीपुढे बसलेल्या शालूबाईंनी मान न वळवता नवऱ्याला विचारले,

"वाढदिवसाला चाल्लात का जप्तीला?"

गुरुजी हसले. बायकोच्या तिरकस बोलण्यावर हसण्याची त्यांना चाळीस वर्षांची सवय होती. त्या बोलण्याचा अर्थ लावण्याची मात्र सवय नव्हती. वाढदिवसालाच चाललो, ते म्हणाले, ताब्याचे काय ते जेवणाआधीचे पाच मिनिटांचे काम.

"मंग लेकराला काही नेताव का निस्ता कागदच?"

हे गुरुजींच्या ध्यानात आले नव्हते. प्रतिक्षाने हँडलला अडकवलेली कापडी पिशवी उचलून दाखवली. तिने फ्रॉक शिवला होता. पोरीला कधी पाहिलेले नसताना माप कशावरून घेतले, असे गुरुजींनी लेकीला विचारले.

"पाच वर्षाच्या लेकराचं माप मला ठावं हाय, नाना," ती म्हणाली, आणि त्यांना मागे बसायची खूण केली.

मार्चचे ऊन अजून अंगावर येत नव्हते. साखऱ्याच्या कोरडवाहू रानांतून निघालेला रस्ता सेनगाव ओलांडून नरसी नामदेवकडे वळला, तशी कडेच्या शेतांत ताडपत्र्यांवर वाळत घातलेली हळद दिसू लागली. तिचा उकडलेला, मातकट वास वाऱ्याबरोबर येई आणि जाई. गुरुजी मागे आरामात बसले होते. वय अडुसष्ट, गुडघे शाबूत, पेन्शन वेळेवर, आणि म्हणेल तिथे नेऊन सोडणारी लेक. आयुष्याकडे त्यांचे काही मागणे उरले नव्हते. आणि आयुष्याचेही आपल्याकडे काही मागणे असू शकते, ही शंका त्यांना कधी शिवली नव्हती.

चौतीस वर्षे त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित शिकवले होते. निवृत्तीच्या काही वर्षे आधी पंचक्रोशीने त्यांच्यावर दुसरे काम सोपवले: मोडलेल्या संसारांची वाटणी. नवरा-बायकोचे पटेनासे झाले की दोन्हीकडची चार-चार माणसे कुणाच्या तरी ओसरीवर बसत, मधे गुरुजी बसत, आणि संध्याकाळपर्यंत बॉण्ड पेपरवर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात सगळे ठरून जाई. भांडी कुणाची, सोने कुणाचे, लेकरू कुणाचे. तालुक्याला जाऊन त्यावर गोल शिक्का मारून आणला, की गावाला वाटे न्याय झाला आणि गुरुजींना वाटे तो आपण केला. कोर्टाची पायरी न चढता आपण माणसे मोकळी केली, हे ते अभिमानाने सांगत. ही पायरी त्यांनी दुसऱ्या कुठल्या कारणानेही चढलेली नव्हती, आणि त्या अभिमानाचा पाया इतकाच होता. खेड्याला शहाणा माणूस लागतो तो बहुधा यासाठी, की चूक व्हायचीच असेल तर ती कुणाच्या तरी सुंदर अक्षरात व्हावी.

लेकरांच्या बाबतीत गुरुजींचा नियम पक्का होता. पाच वर्षांपर्यंत आईकडे, पाच पूर्ण होताच बापाकडे. तो त्यांनी मनाने काढलेला नव्हता. बारा वर्षांपूर्वी एका रविवारच्या पुरवणीत कायद्याविषयीचा एक छोटा मजकूर आला होता, त्यात लिहिले होते की पाच वर्षांखालील अपत्याचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. एवढेच लिहिले होते. पुढचा अर्धा भाग गुरुजींनी वाचता वाचता स्वतः पुरा केला, आणि त्यानंतर छापलेला अर्धा कुठे संपतो आणि आपला कुठे सुरू होतो, हे पाहायची गरज ना त्यांना वाटली, ना ज्यांची लेकरे होती त्यांना.

हा नियम त्यांनी पहिल्यांदा लावला तो स्वतःच्या घरात. प्रतिक्षाचे लग्न मोडले तेव्हा तिचा सोमेश्वर साडेतीन वर्षांचा होता. गुरुजींनी कागद स्वतः लिहिला. दीड वर्षाने, पोराच्या पाचव्या वाढदिवशी, वाशीमहून जीप आली आणि त्याला घेऊन गेली. पुढे प्रत्येक बैठकीत, एखादी आई रडू लागली की गुरुजी हाच दाखला देत: माझ्या पोटच्या लेकीला मी वेगळा न्याय लावला नाही, तुम्हाला कसा लावू? मग ती आई डोळे पुसून सही करी. जीप येऊन गेली त्याला आता नऊ वर्षे झाली होती. सोमेश्वर चौदाचा झाला होता, दिवाळीला फोन करी, दोन-तीन वर्षांतून एकदा दोन दिवस येऊन जाई. जीप गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रतिक्षा शिलाई मशीनवर बसली होती. तिने तक्रारीचा एक शब्द काढला नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. समाधानी माणूस तक्रार करत नाही, हे गुरुजींना माहीत होते. लेक तक्रार करत नाही, हेही ते पाहत होते. आणि या दोहोंतून त्यांनी जे अनुमान काढले होते त्यावर ते नऊ वर्षे शांत झोपत होते.

आजचा कागद तीन वर्षांपूर्वीचा होता. नरसीचे भिवाजी गवंडी हे गुरुजींचे जुने विद्यार्थी. त्यांची लेक संध्या उपकेंद्रात कंत्राटी परिचारिका, जावई धम्मदीप सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या गावचा, मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवणारा. संध्याने नोकरी सोडावी, या एका वाक्यावरून संसार मोडला. पोरगी तेव्हा दोन वर्षांची होती. नाव संघमित्रा, घरात मितू. कागदातले चौथे कलम गुरुजींच्या आवडीचे होते: "मुलीस पाच वर्षे पूर्ण होताच तिचा ताबा पित्याकडे बिनतक्रार देण्यात येईल." तोवर बापाने येऊन लेकराचे मन विचलित करू नये, हेही त्यात होते. संध्याने सही केली होती. सही करताना तिने पेन इतका घट्ट धरला होता की कागद फाटेल अशी गुरुजींना भीती वाटली होती.

परवा भिवाजींचा फोन आला होता. मितूचा वाढदिवस आहे, जेवायला या, प्रतिक्षाताईंना आणा, आणि तो कागदही आणा. गुरुजींना फार बरे वाटले. आपले विद्यार्थी तारखा विसरत नाहीत.

*

भिवाजींचे घर रस्त्यालगत होते. अंगणात निम्म्यात हळद वाळत होती, उरलेल्या निम्म्यात सतरंजी घातली होती. दाराच्या चौकटीशी स्टुलावर उभा राहून एक तरुण फुगे बांधत होता. गुरुजींनी ओळखले, तो धम्मदीप. नवऱ्याकडची मंडळी आधीच येऊन पोचली आणि भांडणतंटा न करता फुगे लावते आहे, हे पाहून आपला कागद किती सुरेख पिकला असे त्यांना वाटले.

"जय भीम गुरुजी, या या," भिवाजींनी हात जोडले. "ताई, या. तकलीफ दिली तुमाला."

खुर्ची आली, पाण्याचा तांब्या आला. तांब्यामागून मितू आली. दोन वेण्या, समोरचा एक दात किडलेला. तिने गुरुजींना खालपासून वरपर्यंत पाहिले आणि विचारले,

"तुमीच का ते कागदवाले आजोबा?"

आतून कमलबाईंनी नातीला हाक मारली, भिवाजी खाकरले. पण गुरुजींना राग आला नाही. मीच तो, ते म्हणाले. आपली ख्याती लेकरांपर्यंत पोचली आहे.

प्रतिक्षाने फ्रॉक काढला. मितूने तो तिथल्या तिथे जुन्या फ्रॉकवरून चढवायचा हट्ट धरला, मग आत जाऊन नीट घालून आली. खांद्याला बरोबर, लांबीला बरोबर, कुठे चिमूटभर कमी-जास्त नाही. प्रतिक्षा तिच्यामागे बसून पाठीची बटणे लावू लागली. तीनच बटणे होती. ती लावायला तिला बराच वेळ लागला. त्यानंतर ती उठली आणि कमलबाईंना पोळ्या लाटू लागते म्हणून आत गेली.

पंगत बसायची वेळ झाली तेव्हा गुरुजींनी गुंडी काढली. शुभकार्य आधी आणि जेवण मग, असे म्हणून ते उभे राहिले, कारण कागद त्यांनी कधी बसून वाचला नव्हता. दिनांक, उभयतांची नावे, वये, साक्षीदार असे करत ते चौथ्या कलमापर्यंत आले, ते दोनदा वाचले, आणि समाधानाने वर पाहिले. धम्मदीप सतरंजीची किनार नीट करत होता. भिवाजी हळदीकडे पाहत होते. संध्या पाण्याचे पेले मांडत होती. ती मांडायची थांबली.

"गुरुजी, बसा," ती म्हणाली. "फोनवर सांगायला जीभ रेटली न्हाई, म्हणून कागद घेऊन बोलावलं, समोर ठिवून सांगावं म्हणून. मितू इथंच राहून राहिली. आमचं कोर्टात ठरलंय."

गुरुजी बसले नाहीत. संध्याने मग सगळे सांगितले, पेशंटला गोळ्यांच्या वेळा सांगाव्यात तशा सावकाश स्वरात. सहा महिन्यांपूर्वी तिच्या उपकेंद्राच्या गावात कायद्याच्या माहितीचे शिबिर झाले. तिच्याकडे खुर्च्यांची आणि चहाची व्यवस्था होती. भाषण झाल्यावर वकील उत्तमसिंग राठोड यांनी कुणाला काही विचारायचे का म्हणून विचारले, तर कुणीच उठले नाही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून चहा देताना तिने एक प्रश्न विचारला. पाचव्या वाढदिवसाला लेकरू बापाकडे द्यायचे असते ते सकाळी द्यायचे की दिवस मावळल्यावर? तेवढाच तिचा प्रश्न होता. एक दिवस जास्तीचा मिळतो का, हे तिला बघायचे होते. वकिलांनी कप खाली ठेवला आणि हे तुला कुणी सांगितले, असे विचारले.

"मी तुमचं नाव घेतलं न्हाई, गुरुजी. गावात म्हंतेत, असं सांगितलं."

गुरुजींना क्षणभर हायसे वाटले. पुढच्या क्षणी, कशाबद्दल हायसे वाटले, ते त्यांना उमजेना.

वकिलांनी तिला हिंगोलीला बोलावले होते. जिल्हा न्यायालयात विधी सेवेचे कार्यालय आहे, तिथे बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, हे तिला तोवर माहीत नव्हते. आठ वर्षे सरकारी योजनांची पत्रके तीच वाटत आली होती. तिथून अर्ज झाला, धम्मदीपला नोटीस गेली, तो रागाने आला, आणि न्यायाधीशांनी दोघांना मध्यस्थीसाठी एका खोलीत बसवले.

"तिथल्या बाईनं मला तीन गोष्टी इचारल्या," धम्मदीप म्हणाला. तो अजून सतरंजीच्या किनारीशीच होता. "पोरगी काय खाती. कुणापाशी झोपती. अन् कशाला भेती. पहिल्या दोन मी अंदाजानं ठोकून दिल्या. तिसरं मला सांगताच आलं न्हाई, गुरुजी. तीन वर्षं मी निस्ता पाचवा वाढदिवस मोजत बसलो होतो."

"अन् कशाला भेती?" गुरुजींनी विचारले. विचारायचे काही कारण नव्हते.

"पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याला. आता ठावं झालं. महिन्याचे दोन शनिवार-रविवार माझ्याकडं असती, उन्हाळ्यात अर्धी सुट्टी. कागदानं मला पाचव्या वर्षी पोरगी दिली असती. आता दर पंधरा दिवसाला मिळती."

मितू बापाच्या पाठीवर चढली होती आणि त्याच्या कानात फुगा घासत होती. घरात कुणीही कुणावर रागावलेले नव्हते. गुरुजींनी एवढी सुखी बैठक आजवर पाहिली नव्हती, आणि तिच्यात आपल्याला काही काम नाही हे त्यांना उभ्याउभ्या जाणवत होते.

"ते सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "तुमचं जमलं, आनंद आहे. पण कायदा हा कायदा. पाच वर्षांचा नियम आहे. मी स्वतः वाचला आहे."

"पाचच्या आतलं लेकरू शक्यतो आईकडं असावं, येवढं हाय," संध्या म्हणाली. "पाच झाल्यावर बापाकडं द्यावं, असं कुठंच न्हाई. त्याच्या पुढं लेकराचं भलं कशात हाय ते कोर्ट बघतंय. मी बी दोनदा इचारलं वकिलाला. तिसऱ्यांदा त्यांनी पुस्तकच पुढं ठेवलं."

"आणि सह्या? दोघांच्या सह्या आहेत. साक्षीदार आहेत."

"आमची सही आमच्यापुरती, म्हणले. लेकराचं भलं आई-बापाला लिहून देता येत न्हाई. सही करायच्या आधी येयाला पाहिजे होतं, म्हणले. पण मागून आलं तरी दार उघडंच असतंय."

गुरुजी भिवाजींकडे वळले. या माणसाला त्यांनी पाचवीपासून सातवीपर्यंत शिकवले होते. तो तरी आपल्या बाजूचा. भिवाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गुरुजी, तुमी आमाला आयत अन् चौरस शिकवत होते," ते फार हळू म्हणाले. "प्रत्येक चौरस हा आयत असतो. तर मी उठून म्हणलो, मंग प्रत्येक आयत हा चौरस. तुमी मला छडी मारली. उलटं आपोआप खरं होत न्हाई, म्हणले. ते मी आजवर विसरलो न्हाई. भिंत बांधताना बी ध्यानात असतंय."

गुरुजी खुर्चीत बसले. कागद त्यांच्या हातात उघडाच होता. चौथे कलम त्यांनी पुन्हा वाचले, या वेळी बसून. अक्षर खरोखर सुंदर होते. एकही काना-मात्रा चुकलेली नव्हती. विद्यार्थ्याच्या वहीत हे उदाहरण असते तर त्यांनी ते दुसऱ्या ओळीवरच पकडले असते.

पंगत बसली. वरण-भात, वांग्याची भाजी, पोळ्या. बोलणे पुन्हा सुरू झाले. भिवाजी हळदीचा भाव सांगू लागले, धम्मदीप उन्हाळ्यात जळणाऱ्या मोटारींचे किस्से. सगळ्यांनी मिळून गुरुजींना त्या कलमापासून दूर न्यायचे ठरवले होते, आणि गुरुजी वरण-भात नुसताच कालवत होते.

स्वयंपाकघराच्या दारात प्रतिक्षा उभी होती. तिच्या हातात खिरीचे पातेले होते. ती केव्हापासून तिथे होती हे कुणी पाहिले नव्हते. पातेल्याच्या कडेवरची साय मात्र धरून सुकली होती. ती पुढे आली, पातेले खाली टेकवले आणि संध्याला विचारले,

"लेकरू चौदा वर्षांचं असंल तर?"

कमलबाई आतून बाहेर आल्या आणि दाराशीच थांबल्या. संध्याने गुरुजींकडे पाहायचे टाळले.

"अठरा पुरे होईस्तोवर अर्ज करता येतो, ताई. चौदाच्या लेकराला तर जज साहेब सवता जवळ बसवून इचारतेत, तुला काय वाटतं म्हणून. तो म्हणंल तसंच करतील असं न्हाई. पण इचारतेत."

"त्याला इचारतेत," प्रतिक्षा म्हणाली.

तिने पळी घेतली आणि वाढायला सुरुवात केली. आधी मितूला, मग धम्मदीपला, मग भिवाजींना. प्रत्येक वाटी सारखी भरली, थेंब सांडला नाही. गुरुजींच्या पानापाशी येऊन ती उकिडवी बसली.

"नाना, उद्या तुमाला काही काम हाय का?"

"नाही."

"मंग नवाला निघू. हिंगोलीला."

गुरुजींनी पानातला भात एकीकडे सारला. मग ते सवयीने म्हणाले, की वकिलासमोर बोलणे सोपे नसते, तिला त्याची सवय नाही, आधी नीट विचार करून चार मुद्दे काढले पाहिजेत, तिला काय काय बोलायचे ते—

"मी काहून बोलू?" प्रतिक्षा म्हणाली. "तुमी बोला. तवा बी तुमीच बोलले होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. गुरुजींनी तो शोधला. राग असता तर त्यांना समजूत घालता आली असती. पळी वाटीच्या वर थांबली होती. अंगणात मितू बापाला फुगा फुगवायला शिकवत होती आणि त्याला जमत नाही म्हणून हसत होती.

"नवाला नको," गुरुजी म्हणाले.

प्रतिक्षाची पळी हलली नाही.

"आठला निघू," ते म्हणाले. "मला सांगायला वेळ लागंल."